वन्संची गाडी, कांबळेंचं इंजिन

आमच्या वन्सं गाडीत बसायच्या आधी गाडीचा ताप बघायच्या. खरंच सांगते. पदर खोचायचा, पुढे जायचं आणि बॉनेटला उलटा हात लावायचा, जसा आपण तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतो तसा. मग कुणालाच उद्देशून नाही, पण स्पष्ट म्हणायचं, "बरी आहे." त्यानंतर किल्ली. नवीन लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा मला वाटलं, ही माझी नणंद जरा तिरसट आहे की काय! पुढे कळलं, तिरसट होत्याच, पण गाडीच्या बाबतीत नाही.

गाडी म्हणजे काळी-पिवळी टॅक्सी असायची ना, अगदी त्याच जातीची, पण दुधी रंगाची. गिअर स्टिअरिंगला. वन्सं शाळेत प्रयोगशाळेचं काम बघायच्या, लग्न केलं नाही, आणि ज्या वयात बाकीच्या बायका दागिने घडवतात त्या वयात त्यांनी ही जुनी गाडी घेतली. सोसायटीतली पोरं त्यांना गाडीआत्या म्हणायची. कुणाला दवाखान्यात न्यायचंय, कुणाची नवरी हॉलवर पोचवायचीय, कुणाची म्हातारी आई टर्मिनसवरून आणायचीय, की निरोप वन्संकडे. मी एकदा म्हटलं, "वन्सं, जरा नाही म्हणायला शिका." तर म्हणाल्या, "सुमन, नकारच द्यायचा असता तर पाय पुरेसे होते की गं मला. गाडी कशाला घेतली मग?"

त्या गाडीचं इंजिन बांधलं होतं समोरच्या बिल्डिंगमधल्या कांबळेंनी. कांबळे विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर. एका दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी कंपाउंडमध्ये जुनी चादर अंथरून सगळं इंजिन सुटं केलं आणि परत बांधलं. वन्सं शेजारी पाट टाकून बसलेल्या, पाने-पकडी हातात देत. फराळाची ताटं तिथेच जायची. कांबळे लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाला, आणि म्हणायचे, "बाई, डोळ्यांनी नाही, कानांनी बघा." वन्संही तसंच करायच्या. त्या दिवाळीपासून वन्संच्या पर्समध्ये रुमाल, पेपरमिंट आणि पॉलिश पेपरचा तुकडा कायमचा राहायला आला. गाडी अडली की त्या स्वतःच खाली उतरून, बॉनेट उघडून त्या कागदाने ठिणगीचे पॉइंट घासायच्या आणि बघ्यांना सांगायच्या, "धक्का द्यायचा असेल तर थांबा, सल्ला द्यायचा असेल तर पुढे व्हा."

आणि आवाज! कोपऱ्यावर तो आवाज आला की मी चहाचं आधण ठेवायची. वन्सं जिना चढून वर येईपर्यंत चहा कपात.

वर्षं गेली. कांबळे रिटायर झाले, आणि मग त्यांच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं. मंगळवार-शुक्रवार डायलिसिस, घाटकोपरला. नेणार कोण? विचारायचं कशाला! सत्तरीच्या वन्सं सकाळी साडेसातला फाटकाशी हजर. कांबळे पुढच्या सीटवर बसून अर्धा रस्ता गाडीचं ऐकत आणि अर्धा रस्ता वन्संना शिव्या देत, "बाई, तिसरा गिअर उशिरा टाकलात."

तर एका मंगळवारी हायवेवर गाडी बसली. पॉइंट घासले, काही उपयोग नाही. बसली ती नेमकी विक्रोळीला, कांबळेंच्या जुन्या कारखान्यासमोर. कांबळे खिडकीतून बघून म्हणाले, "बघा बाई, इंजिनाची सवय जात नाही. मला कामावर सोडायला आलं." दोघं हसले. पण रिक्षा मिळून पोचेपर्यंत त्यांची वेळ दुसऱ्या पेशंटला गेली होती. संध्याकाळी मशीन मोकळं झालं. तोपर्यंत पाय सुजलेले, श्वास वर वर चाललेला, आणि हसणं कुठल्या कुठे. त्यांची बायको कुसुम वन्संना एक शब्द बोलली नाही. वन्सं घरी येऊन म्हणाल्या, "बोलली असती तर बरं झालं असतं गं."

भांडुपच्या गॅरेजवाल्याने सरळ सांगितलं, इंजिन थकलंय. पार्ट शोधायला महिने जातील, बांधलं तरी रोज सकाळी उठेल याची खात्री नाही. त्यापेक्षा आजकालच्या छोट्या गाडीचं इंजिन बसवा, किल्ली मारली की चालू. माझ्या मंदारने हे ऐकलं आणि घर डोक्यावर घेतलं. "आत्या, वेडी आहेस का? ओरिजिनल इंजिन आहे यार! जुन्या गाड्यांच्या रॅलीत लोक आपल्याला शोधत येतील. हे काढलंस की गाडीची वाट लागली. नुसता सांगाडा उरेल."

मंदारला गप्प करणं वन्संना नवीन नव्हतं. अडचण कांबळेंची होती. त्यांनी निरोप पाठवला, मीच परत बांधतो. आता, डायलिसिसची सुई टोचायला त्यांच्या डाव्या हाताची शीर ऑपरेशन करून तयार केलेली. त्या हाताने भाजीची पिशवीही उचलायची नाही, अशी नर्सची ताकीद. आणि हे इंजिन बांधणार! पण नको म्हणायचं म्हणजे त्यांच्या हाताला नको म्हणायचं. तो हात सोडून त्यांच्याकडे मिरवायला उरलं होतं काय? आठ दिवस वन्सं त्यांना रिक्षाने नेत होत्या आणि गाडीचं नाव काढत नव्हत्या. मला म्हणाल्या, "नकार द्यायची सवय नाही ना गं."

शेवटी गेल्या. मला सोबत नेलं. कुसुमने चहा दिला. वन्संनी कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं, "कांबळे, तुमचं इंजिन उतरवतेय."

कांबळे बशी फिरवत राहिले. "मी एका हाताने बांधेन, बाई."

"बांधाल. आणि त्या हाताचं काही झालं तर सुई कुठे टोचणार?"

"माझ्यासाठी नका हो बदलू. मी आज आहे, उद्या नाही. इंजिन राहील."

"तेच म्हणतेय मी. इंजिन कुठेही राहील. तुम्ही राहाल की नाही ते मंगळवारी आणि शुक्रवारी ठरतं."

कांबळेंनी बशी खाली ठेवली. मग हसले. "काढा. माझी किडनी दवाखान्याच्या भिंतीला लावलेली, मी तरी कुठला ओरिजिनल!" कुसुमने पदर डोळ्यांना लावला आणि वन्संच्या कपात, त्या नको नको म्हणत असताना, आणखी चहा ओतला.

आरटीओची परवानगी, नव्या इंजिनाचा नंबर आरसी बुकावर चढवणं, यात दीड महिना गेला. उतरवलेल्या इंजिनावर मंदारचा डोळा होता. त्याला ते पॉलिश करून, वर काच टाकून हॉलमध्ये टेबल करायचं होतं. "झकास दिसेल आत्या!" वन्संनी असं काही बघितलं त्याच्याकडे! "उद्या माझ्या छातीवर काच टाकून चहा पी." आणि त्यांनी ते इंजिन टेम्पोत घालून एका आयटीआयला देऊन टाकलं. "मुलं उघडतील, बघतील, शिकतील," म्हणाल्या. अट एकच: दर सोमवारी कांबळे येतील, त्यांना खुर्ची द्यायची.

मग काय! सोमवारी कांबळे इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे. हात लावायचा नाही, फुटपट्टीने दाखवायचं. "तो नाही रे, त्याच्या शेजारचा. कानांनी बघ." वन्सं मागे बाकावर बसून ऐकायच्या, आणि इंजिन चालू करायची वेळ आली की उठून आधी ताप बघायच्या. मुलं हसायची.

नव्या इंजिनाला आवाजच नव्हता. पहिल्याच दिवशी कांबळेंनी विचारलं, "बाई, चालू आहे ना?"

"चालू आहे."

"ऐकू येत नाही."

"तुमची बडबड ऐकू येईल आता. बसा."

मला चहाचा अंदाज येईना, म्हणून वन्सं खालूनच हाक मारू लागल्या. पण त्यानंतर चार वर्षं कांबळेंची एकही वेळ चुकली नाही. एकही नाही. हे मी अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, लोक कंटाळतात, कंटाळू देत. कांबळे गेले ते घरी, कुसुमच्या हातचं पाणी पिऊन.

गेल्या पावसाळ्यानंतर वन्संही गेल्या. देहदानाचा फॉर्म भरून ठेवला होता. मी तेव्हा कुरकुर केली होती, तर म्हणाल्या, "मुलं उघडतील, बघतील, शिकतील." तेच शब्द, बघा. त्यामुळे अस्थी नाहीत, कुठे जाऊन हात जोडावेत अशी जागा नाही. गाडी मंदार चालवतो, कुसुमला डोळ्यांच्या डॉक्टरकडे तोच नेतो, रॅलीचं नाव काढत नाही. मी मात्र वन्संच्या वाढदिवसाला त्या आयटीआयमध्ये गेले. पेढे घेऊन.

इंजिन लोखंडी स्टँडवर होतं. निळा कोट घातलेली एक मुलगी ते नुकतंच बांधून उभी होती, हात कोपरापर्यंत काळे. तिला ना वन्सं माहीत, ना कांबळे. चालू करायच्या आधी ती पुढे झाली, इंजिनाच्या झाकणाला उलटा हात लावला आणि म्हणाली, "बरी आहे."

मी विचारलं, "हे कुणी शिकवलं गं?"

"माहीत नाही आजी. इथे सगळे असंच करतात."

आणि तिने चालू केलं. तोच आवाज. पेढ्यांचा पुडा हातातच राहिला माझ्या. मला आधी आठवलं ते हेच, की चहाचं आधण ठेवायला हवं.