पंधरावी गोटी

मी हाती घेतलेलं काम तडीस नेत नाही, असं आमच्या घरात सगळ्यांनी पक्कं ठरवून टाकलंय. कपाटात एका बाहीचा स्वेटर आहे. इथली गुजराती वाचायला शिकले तेही निम्म्या बाराखडीपर्यंत, त्यामुळे दुकानाची पाटी मी अर्धी वाचते आणि उरलेली आत जाऊन विचारते. नवरा मला ‘अर्धवट’ म्हणतो. या शब्दाचे दोन्ही अर्थ त्याला एकदमच म्हणायचे असतात, हे मी लग्नानंतर महिनाभरात ओळखलं होतं.

तर मी मोबाइलवर पाहून गोट्यांचं मशीन मागवलं. लेझरनं कापलेल्या प्लायच्या फळ्या, त्यातून एकेक तुकडा सोडवून जोडत जायचा. दांडा फिरवला की गोट्या एकामागून एक वर चढतात, मग वळणावळणाच्या पट्ट्यांवरून घरंगळत एका लाकडी पाळण्यात पडतात. पंधरा गोट्या जमल्या की पाळणा उलटतो, सगळ्या खाली, आणि खेळ पुन्हा सुरू. उपयोग? काहीच नाही. म्हणूनच मला ते हवं होतं. दिवसभर घरात बसून साड्यांना टिकल्या चिकटवणाऱ्या बाईला एक तरी बिनकामाची वस्तू असू नये का?

नवरा हजीऱ्याच्या कारखान्यातून ड्यूटी करून आला आणि मशीनचा डबा बघून म्हणाला, “जवा दे ने, सोड! हेही अर्धंच राहणार. राहिलं तर डबा माळ्यावर, आणि पुन्हा घरात असला डबा आणायचा नाही.”

“करूनच दाखवते,” मी म्हटलं. माझं डोकंच फिरलं होतं.

आता आमच्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या धुळ्याकडच्या, मी बुलढाण्याची. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण आमचं बोलणं म्हणजे ‘जेवलात का’ आणि ‘जेवले’. त्या बाहेर टीव्हीपुढे, मी आतल्या खोलीत दार लावून, कारण पंखा लावला की टिकल्या उडतात आणि दार उघडलं की टीव्ही ऐकू येतो. भांडण मुळीच नाही. भांडायला तरी एका खोलीत बसावं लागतं.

मी नवागामच्या आमच्या घरात, बाहेरच्या खोलीत, जमिनीवर फळ्या मांडल्या. आतल्या पलंगावर साड्या होत्या, म्हणून. लेझरनं कापलेल्या लाकडाला जळका वास असतो. टीव्हीपुढच्या आत्याबाई धडपडत उठल्या.

“काय जळी ऱ्हायनं वं?”

दोघींनी मिळून गॅस पाहिला, मीटर पाहिला, शेजारणीचं दार वाजवून तिचाही गॅस पाहिला. मग त्यांनी एक चाक नाकाला लावून हुंगलं. नाकाचा शेंडा काळा झाला. मी हसले, म्हणून त्यांनी माझ्याही नाकाला लावलं.

दुसऱ्या दिवशी त्या न बोलावता माझ्याजवळ येऊन बसल्या. काळ्या कडा पॉलिश पेपरनं घासायचं काम त्यांनी परस्पर स्वतःकडे घेतलं. घासता घासता तोंड सुरू. चाकाचे दात मोजून, “माझ्यापेक्षा जास्त आहेत याला,” म्हणाल्या. पुस्तिकेतल्या चित्रातला माणूस त्यांना त्यांच्या दिरासारखा वाटला, मग दिराच्या लग्नात मांडव कसा पडला ते सांगून झालं, आणि मांडवाखाली कोण कोण सापडलं ते सांगायला तीन दुपारी लागल्या. मी एक चाक साडीच्या गोंदानं चिकटवलं, त्यावर टिकली राहून गेली. ती त्यांनी काढू दिली नाही. चाकाला सौभाग्यवती म्हणायला लागल्या. चाकं सुळसुळीत फिरावीत म्हणून त्यांना मेणबत्ती चोळताना आम्ही दोघी इतक्या हसायचो की शेजारीण एकदा विचारून गेली, सगळं बरं आहे ना?

सगळं छान चाललं होतं, आणि एक गोटी हरवली. या गोट्या काळ्याभोर काचेच्या, बोराएवढ्या, डब्यात मोजून पंधराच आलेल्या. पलंगाखाली, चपलांत, पिठाच्या डब्यातसुद्धा शोधली. चौथ्या दिवशी सापडली. देवघरात! गंध लावलेली, डोक्यावर तुळशीचं पान, समोर दूधसाखर.

“आत्याबाई, ही माझी गोटी आहे.”

“गोटी तुनी व्हई,” त्या म्हणाल्या. “देव मना शे.”

झाडताना शाळिग्राम आपणहून पायाशी आला म्हणे. हात लावायचा नाही. रोज आंघोळ, रोज नैवेद्य. मी कपाळावर हात मारला. तिच्या जागी बाजारातली गोटी आणली, ती जाडी, पट्टीत अडकते. हरभरा हलका. कणकेची गोळी केली, ती वाळून उकलली. चौदा गोट्यांवर पाळणा अर्धा झुकायचा आणि तसाच थांबायचा, माझ्या तोंडाकडे बघत. रोज नवरा आल्या आल्या विचारायचा, “झालं?” रोज मी ‘नाही’ म्हणायचे. शनिवारी त्यानं माळ्यावरची जागा रिकामी केली. मला इतका राग आला, इतका राग आला की मी देवाची चोरी करायचं ठरवलं.

रविवारी नवरा ड्यूटीवर आणि आत्याबाई भजनाला. मी एक सुपारी घेतली, तेल-काजळ चोळून काळीकुळकुळीत केली, हात जोडून माफी मागितली आणि अदलाबदल केली. मग दांडा फिरवला. गोट्या चढल्या, घरंगळल्या. तेरा. चौदा. पंधरा. पाळणा डुलला आणि धाडकन उलटला! मी एकटीच टाळ्या वाजवल्या. आयुष्यात एक गोष्ट पूर्ण केली होती हो मी. पुन्हा फिरवला, पुन्हा उलटला. तेवढ्यात मागे बघते तर आत्याबाई देवघरापाशी उभ्या, बोटं काजळानं काळी.

मी दांडा सोडला. “आत्याबाई, देवाला मी...”

“कसला देव,” त्या म्हणाल्या. “गोटीच शे ती. माले काय डोया नही का?”

मग त्या पाटावर बसल्या आणि मशीनकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, मग इतके दिवस दूधसाखर कशाला?  पदराशी चाळा करत, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, हे झालं की तू पुन्हा आत जाशील. दार लावशील. मी त्या टीव्हीशी किती बोलू? तो ऐकतो का माझं?

 एकोणीस वर्षं मी पंख्याचं आणि टिकल्यांचं कारण सांगत होते. 

दाराशी गाडी थांबली. चपला काढल्याचा आवाज. मी मशीनचं मोठं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि खिळीसकट उपटलं. पट्ट्या कोसळल्या, पंधराच्या पंधरा गोट्या घरभर पळाल्या. आत्याबाई “अय माय!” म्हणत खाटेखाली शिरल्या.

नवरा उंबऱ्यात उभा. “झालं?”

“नाही,” मी म्हटलं. “एक चाक उलटं बसलं होतं. सगळं खोलावं लागलं. अजून महिनाभर तरी लागेल.”

खाटेखालून आवाज आला, “दोन महिना लागतीन.”