पाडव्याच्या बीन्स

गेल्या दिवाळीत मी पाडव्याच्या बीन्स दोन दिवस आधीच आणून ठेवल्या. एरवी आदल्या संध्याकाळी पिशवी रिकामी करायची आणि तासाभरात दोन किलो चिरून मोकळं व्हायचं, ही माझी रीत. त्या वर्षी तासाभरात होणार नाही हे मला ठाऊक होतं. ते घरात कुणाला कळू नये, म्हणून मी दोन दिवस हाताशी ठेवले होते.

आम्ही चामराजपेटेत राहतो. माझ्या सासरची माणसं इथे कितीतरी पिढ्यांपासूनची, त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. मी खानापूरकडची, त्यामुळे मला ते कधी जड गेलं नाही. पाडव्याचं दुपारचं जेवण दरवर्षी जयनगरात थोरल्या जावेकडे असतं. तिला लहानमोठे सगळेच अक्का म्हणतात. वीस-बावीस पानं होतात. होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, अक्काच्या, डाळीची कोसंबरी नणंदेची आणि बीन्सचं पल्य माझं. पल्य म्हणजे साधी सुकी भाजी हो, पण आमच्या घरात त्या बीन्स ज्वारीच्या दाण्याएवढ्या बारीक आणि सगळ्या एकसारख्या चिरलेल्या लागतात. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी माहेरच्यासारख्या बोटभर लांब चिरल्या होत्या. सासूबाईंनी नुसतं ताट पुढे ओढलं आणि प्रत्येक तुकडा पुन्हा चिरला. त्यानंतर मी शिकले. अशी शिकले, की पुढे अक्काच पाहुण्यांना सांगायची, "बीन्स खायच्या तर हिच्या हातच्या."

तो हात फेब्रुवारीपासून बिघडला होता. आधी उजव्या हाताचा अंगठा. हात मांडीवर नुसता ठेवला की अंगठा आपोआप हलायचा, जपाची माळ ओढावी तसा. कामाला लावला की थरथर थांबायची, पण मग बोटं जड व्हायची. सुरी वर जायची आणि खाली यायला उशीर करायची. ब्लाउजची हुकं लावायला मला दहा मिनिटं लागायला लागली. सामानाच्या यादीतलं माझं अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढं व्हायला लागलं.

मी एकटीच डॉक्टरांकडे गेले. ह्यांना सांगितलं, दाढ दुखतेय. डॉक्टरीणबाईंनी मला बोटांची उघडझाप करायला लावली, कागदावर गोल गोल चकली काढायला लावली, मग पेन खाली ठेवून शांतपणे आजाराचं नाव सांगितलं. पार्किन्सन्स. आपल्याकडे कंपवात म्हणतात तो. बरा होत नाही, गोळ्यांनी ताब्यात राहतो. "घरचं कुणी बरोबर आलंय का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बाहेर बसलेत. बाहेर कुणीच नव्हतं.

गोळ्या मी मेथीच्या डब्यात ठेवल्या. आमच्या घरात मेथीला दुसरं कुणी हात लावत नाही.

मी का लपवलं, ते सांगायला हवं. सासूबाईंना आम्ही दोघी सुना अत्ते म्हणायचो. म्हातारपणी संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झाली, तरी त्या रोज विळीवर बसायच्या. तुकडे ओबडधोबड पडायचे, वेळ लागायचा. एका सणाला पाहुणे दारात आले होते आणि अत्तेंचा अर्धा घेवडासुद्धा झाला नव्हता. मी पुढे होऊन म्हटलं, "सोडा अत्ते, मी करते. तुम्ही जरा पडा जा." आवाज गोड ठेवला होता, पण ताट मी ओढूनच घेतलं होतं. त्या उठल्या. पुढे त्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायच्या, "काय चाललंय?" विचारायच्या आणि परत जायच्या. विळीवर पुन्हा कधी बसल्या नाहीत. त्यांना कुणी मनाई केली नव्हती. मीही "या, बसा" असं कधी म्हटलं नाही. काम झटपट व्हायचं, मला बरंच वाटायचं. त्यानंतर त्या चार वर्षं होत्या.

तर नरकचतुर्दशीला पहाटेची स्नानं आटोपली, फराळ झाला आणि हे अक्काकडे टेबलं-खुर्च्या लावून द्यायला जयनगरला गेले. दाराला कडी लावून मी बीन्स घेऊन बसले. मार्केटातल्या बाईकडून नाटी बीन्स आणल्या होत्या, गावठी, बारीक सालीच्या. तिनं "अम्मा, स्वल्प जास्ती घ्या, सणाचं आहे" म्हणत वर मूठभर टाकल्या होत्या. त्या मूठभर बीन्सचाही मला त्या दिवशी राग आला.

शिरा काढणं सोपं गेलं. चिरताना मात्र दर पाच मिनिटांनी थांबावं लागत होतं. बारीक करायला जावं तर तुकडा मोठा पडे, त्याला पुन्हा सुरी लावावी तर तो निसटे. तिसऱ्यांदा सुरी निसटली ती डाव्या हाताच्या बोटात गेली. हळद दाबून चिंधी बांधली आणि रक्त लागलेल्या बीन्स टाकून दिल्या. हे परत येईपर्यंत निम्म्याच झाल्या. त्या ओल्या फडक्यात बांधून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या मागे ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी हे पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत गेले. एका छोट्या कारखान्याच्या टूलरूममध्ये ह्यांनी चाळीस वर्षं लोखंडाचे भाग मापात घासायचं, ग्राइंडिंगचं काम केलं. निवृत्तीनंतरही आठवड्यातून तीनदा नव्या पोरांना शिकवायला जातात. त्या दिवशी तिथे लक्ष्मीपूजा होती. संध्याकाळी येतील असं मी धरून चालले होते.

साडेबारापर्यंत माझं चिरून झालं. मोठ्या पातेल्यात मीठ घालून पाणी उकळलं, बीन्स टाकल्या. झाकण ठेवायचं नाही, ठेवलं की हिरवा रंग उडतो. पाच मिनिटांत उपसून गार पाण्यात घालायच्या, मग चाळणीत निथळून कापडावर पसरायच्या. एवढं आदल्या दिवशी झालं की सकाळी फक्त फोडणी आणि खोबरं उरतं. मी भरलेली चाळण सिंकमधून उचलली आणि टेबलाकडे वळले. उजवी बोटं नुसती उघडली. मी उघडली नाहीत. सगळ्या बीन्स जमिनीवर, गॅसखाली, दाराच्या फटीपर्यंत.

आणि त्याच वेळी बाहेरून किल्ली फिरली. कारखान्यात पूजा करून बारालाच सुट्टी दिली होती.

"भाजलं का?" ह्यांनी दारातूनच विचारलं.

"नाही. गार होत्या."

हे खाली बसले आणि गोळा करायला लागले. मग थांबले. तळहातावर सात-आठ तुकडे घेतले, चष्मा वर करून बघितले. ह्या माणसानं आयुष्यभर केसाच्या जाडीचा फरक बोटांनी ओळखला आहे.

"हे कुणी चिरलं?"

"मीच. घाईत झालं."

"घाई कसली? कालपासून फ्रिजमध्ये गाठोडं बघतोय मी." मग म्हणाले, "हात दाखव."

मी चिंधीचा डावा हात पुढे केला.

"तो नाही. उजवा."

उजवा हात मी पदराखाली धरला होता. तो बाहेर काढला. अंगठा चालूच होता.

"कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून."

"मला मार्चमध्ये दिसलं," हे म्हणाले. "टीव्ही बघताना तुझा अंगठा हलायचा. मशीनचं बेअरिंग जायला लागलं की आवाज नंतर येतो, आधी बोटांना कळतं. मी दुसरं केलंय काय आयुष्यात?"

"मग विचारलं का नाहीत?"

हे जमिनीवरच बसून होते, पाय लांब करून. "तू दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणालीस. मला वाटलं, दुखणं खरंच दाताचं निघालं तर बरं."

मी आजाराचं नाव सांगितलं. गोळ्या कुठे आहेत तेही सांगितलं. हे उठले, मेथीचा डबा उघडला आणि पाकिटावरची बारीक अक्षरं खिडकीशी धरून वाचली. दोनदा वाचली. मग वळून माझ्यावर ओरडले. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, एवढ्या मोठ्यानं हे कधी बोलले नव्हते. "आठ महिने! आठ महिने एकटीनं खाल्ल्यास ह्या? मी कोण आहे ह्या घरात?" मीही ओरडले, "तुम्हीही सात महिने गप्पच होतात ना!" शेजारच्या घरातला मिक्सर बंद झाला.

जमिनीवरच्या बीन्स सणाला चालणार नव्हत्या. हे पिशवी घेऊन गेले आणि तासाभरानं आले. नाटी संपल्या होत्या, जाड सालीच्या मिळाल्या. मग टेबलावर वर्तमानपत्र पसरून, चष्मा लावून, हेच चिरायला बसले. आयुष्यात भाजीची सुरी धरली नव्हती. मी शिरा काढून देत होते. हे एकेक शेंग आडवी धरून, जणू मापानं, कापत होते. बोलणं एकच झालं.

"एवढ्या बारीक पुरे?"

"अजून."

पाच वाजता झालं. उकळलं, निथळलं, पसरलं. पातेलं ह्यांनी उचललं, मी नको म्हटलं नाही.

पाडव्याला सकाळी फोडणी मीच केली. मोहरी, उडदाची डाळ, सुकी मिरची, कढीपत्ता, वरून ओलं खोबरं. मला नाटी बीन्सची चव हवी होती, ती आली नाही.

जयनगरला पोचल्यावर अक्कानं डब्याचं झाकण काढलं आणि हसत विचारलं, "ह्या वर्षी बीन्स कुणी चिरल्या ग? तुझ्या नाहीत ह्या."

मी तिला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नेऊन सगळं सांगितलं. सांगायचं नाही असं घरून ठरवून निघाले होते. अक्काचे डोळे भरले. तिनं माझ्या हातातला डबा काढून घेतला. "बस तू. आता तू काही काही करायचं नाही. माझी सून वाढेल." मला धरून तिनं हॉलमध्ये, वयस्कर माणसांच्या ओळीत खुर्चीवर बसवलं. पाच मिनिटांत घरभर झालं. कुणी पाणी आणलं, कुणी उशी. एकीनं शिमोग्याकडच्या वैद्यांचा पत्ता देऊ केला. माझ्याशी बोलताना सगळ्यांचे आवाज जरा चढले होते, जणू मला ऐकूही कमी यायला लागलं होतं. अक्कानं केलं ते मायेनंच केलं. मी अत्तेंचं ताट ओढलं तेव्हा माझ्यात एवढीही माया नव्हती, हे मला तिथे बसून कळलं.

पंगत बसली, पहिली वाढ झाली. मी उठले.

"अक्का, पल्य मी वाढते."

"अगं, पण तुझा हात..."

"सांडलं तर सांडू दे."

तिनं ह्यांच्याकडे बघितलं. हे पानावरून मान वर न करता म्हणाले, "दे तिला."

मी वाढायला लागले. पहिली तीन पानं नीट झाली. चौथ्याला चमचा हवेतच अडकला, हात पुढेही जाईना, मागेही येईना. मग एकदम सुटला आणि बीन्स नणंदेच्या नव्या रेशमी साडीवर. थोरले दीर मोठ्यानं म्हणाले, "परवा इल्ला, परवा इल्ला! काही होत नाही." नणंदेनं हसण्याचा प्रयत्न केला. तिला साडीचं वाईट वाटलं होतं, ते लपलं नाही. सात पानं वाढून झाल्यावर माझा खांदा भरून आला. मग मीच अक्काच्या सुनेला हाक मारून भांडं तिच्या हातात दिलं.

आता अक्का रोज सकाळी फोन करते. "गोळी घेतलीस?" एवढंच विचारते. पूर्वी आम्ही अर्धा तास कुणाकुणाच्या कागाळ्या करायचो. एकदा मी चिडून म्हटलं, "अक्का, दुसरं काहीतरी बोल की." तिला लागलं. दोन दिवस फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी मीच केला.

डॉक्टरांकडे आता हे बरोबर येतात. ह्यांनी एक छोटी वही केली आहे, त्यात प्रश्न लिहून आणतात. गेल्या खेपेला बाईंनी मला व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत जाऊन परत यायला सांगितलं. मी गेले, आले. मला वाटलं छान चालले.

"आता डावा पायही थोडा ओढतोय," बाई म्हणाल्या. "लक्षात आलं होतं का?"

मी नाही म्हटलं. ह्यांनी वही उघडली. आत लिहिलं होतं: डावी चप्पल एका बाजूनं जास्त झिजते. त्याखाली तारीख होती, दीड महिन्यापूर्वीची. बाईंनी गोळीचं प्रमाण वाढवलं. आम्ही बाहेर आलो. रिक्षा मिळेपर्यंत हे माझ्या डाव्या बाजूला उभे राहिले. मी विचारलं, "आणखी काय काय लिहिलंय त्यात?"

"घरी जाऊन वाच," हे म्हणाले, आणि वही माझ्या पर्समध्ये टाकली.