ह्यांचं बोलणं गेलं तेव्हा

"अफेजिया," डॉक्टर म्हणाल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या. अंबाजोगाईच्या सरकारी हॉस्पिटलात, स्कॅनची फिल्म उजेडाला धरून. "म्हणजे मावशी, मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला. शब्द सापडायची जागा दुखावली. काकांना कळतंय बऱ्यापैकी, पण बोलता येत नाही."

"कधी येईल?" मी विचारलं.

"सांगता येत नाही."

मला त्यांचा राग आला. पोरगी माझ्या लेकीच्या वयाची, तिचा काय दोष. पण राग यायला कुणीतरी समोर लागतं.

त्या सकाळी घाटनांदूरच्या घरी हे अंगणात दाढी करत होते. वस्तरा हातातून पडला. मी विचारलं, काय झालं, तर तोंड एका बाजूला ओढलेलं आणि नुसता घशातला आवाज. तुमच्या घरात असं झालं तर लिंबूपाणी देत बसू नका. मिळेल त्या जीपमध्ये घाला आणि हॉस्पिटल गाठा.

उजवा हात गेला, पाय ओढायला लागला, ते मी सोसलं असतं. पण आमचा संसार बोलण्यावर चालला होता. लग्न झालं तेव्हा मी सातवी पास, हे प्राथमिक शाळेत मास्तर. दुष्काळात आमच्या बायकांच्या दूध संस्थेचं संकलन बंद पडलं, म्हशी चारा छावणीत नेऊन बांधल्या. तिथं संध्याकाळी पेंढीवर बसून ह्यांनी मला दहावीचं बीजगणित शिकवलं. पुढं मी ह्यांना भाकरी थापायला शिकवली, आणि संस्थेच्या सभेत उभं राहून बोलायलाही. चाळीस पोरांपुढे गरजणारा माणूस मोठ्यांपुढे चाचरायचा. आमचा एक नियम होता. जो शिकवेल तो तेवढ्यापुरता गुरुजी, मग शिकणाऱ्यानं रुसायचं नाही. भांडणं झाली, पण जवळ आलो ते ह्या शिकवण्यांतच. एकमेकांना काय आवडतं, काय नको वाटतं, अंधारातलंसुद्धा, हे आम्ही बोलून शिकलो. आमच्या वयाच्या बायका हे वाचून पदर तोंडाला लावतील. लावू द्यात.

वॉर्डात दिवस कॉटखालच्या चटईवर गेले. नाकातून रायल्स ट्यूब, म्हणजे पोटात अन्न सोडायची नळी. रक्त द्या, रिपोर्ट आणा, थांबा. थांबण्याचंच काम जास्त.

मग केजहून नणंद आली, कमल. भावाला बघून तिला काही सुचेना. तिनं हात जोडले आणि बुद्धवंदना सुरू केली. आणि आमचे हे तिच्याबरोबर म्हणायला लागले. त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं, सगळं स्वच्छ, शाळेत पाढे म्हणायचे तसं. शेजारच्या कॉटवरचे लोक उठून आले.

"वैनी, दादा बोलाया लागला," कमल रडत म्हणाली. "आता काय भ्या न्हाई."

मी धावत व्हरांड्यात गेले आणि सगळ्या गावाला फोन लावले. मास्तर बोलले म्हणून सांगितलं. परत येऊन विचारलं, "अहो, पाणी देऊ?"

ह्यांनी ओठ हलवले. "ता, ता," एवढंच. मग डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी समजावलं की पाठ असलेलं मेंदू वेगळ्या वाटेनं आणतो. गाणी, प्रार्थना, आकडे. मनातलं ठरवून बोलणं निराळं. म्हणजे ह्यांना बुद्धाला शरण जाता येत होतं, मला हाक मारता येत नव्हती. मला बुद्धाचा हेवा वाटला. वंदना कानावर आली की मी उठून जायची.

घरी आलो. आता गुरुजी मीच. समोर आरसा, ह्यांच्या डाव्या हाताची बोटं माझ्या गळ्यावर आणि माझी ह्यांच्या ओठांवर. पा, मा, बा. इतक्या वर्षांत मी हे ओठ एवढे निरखले नव्हते. भेटायला येणारे बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडायचे. "गुरुजी, वळखलं का आमाला?" ह्यांना सगळं ऐकू यायचं, कान लाल व्हायचे. मी आंघोळ घालायची, टँकर आला की घागरी घेऊन पळायची, आल्यावर पुन्हा पा, मा, बा. मला कंटाळा आला होता. खरं सांगते, ह्यांचासुद्धा. असं वाटतं, आणि ज्याला वाटतं तो वाईट नसतो, थकलेला असतो.

स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाई, दर खेपेला बजावायच्या, "तुम्ही शब्द देऊ नका. त्यांना शोधू द्या." पण माझा स्वभाव पहिल्यापासून उतावळा. ह्यांच्या ओठांवर 'क' यायच्या आत माझं वाक्य पुरं व्हायचं.

एका दुपारी कंगव्याचं चित्र पुढं धरलं होतं. "हे काय? केस विंचरतो ते. कं, कंग... कंगवा. म्हणा. अहो, म्हणा की."

ह्यांनी चित्र खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. "गप," म्हणाले.

सगळ्या संसारात हे मला कधी असं बोलले नव्हते. हे पाठातलं नव्हतं, वंदनेतलं नव्हतं, मी शिकवलेलं नव्हतं. माझ्यासाठी शोधून काढलेला शब्द होता. मला हसू आलं, रडूही आलं, आणि नेहमीप्रमाणे मी बोलायला तोंड उघडलं. ह्यांनी डावा हात वर करून मला अडवलं. अजून काहीतरी होतं. कपाळावर घाम आला, मान हलत राहिली.

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. शेजारणीनं हाक मारली, "सुशीलाबाई, पानी आलंय." बायका घागरी घेऊन पळाल्या. मी उठले नाही.

"बस," हे म्हणाले, आणि कॉटवर आपल्या शेजारी हात थोपटला.

मी बसले. पुढचा शब्द यायला वेळ लागणार होता, आणि मला घाई नव्हती.