दाजींच्या नाचणीचं बाळसं

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नाही. जे केलं ते दुसऱ्याच्या भल्यासाठीच केलं, आणि म्हणूनच त्यांच्या तावडीतून कुणाची सुटका नसे. वाईट वागणाऱ्या माणसाला निदान शिव्या तरी देता येतात. हा गृहस्थ पहाटे पाचला तुम्हाला उठवून दुधीभोपळ्याचा रस पाजी आणि वर पाठीवरून हात फिरवी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. शाहूपुरीत गुळाच्या एका पेढीवर दिवाणजी होते आणि मंगळवार पेठेत राहत. संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा मला कोल्हापुरात मास्तरकी मिळाली आणि मी त्यांच्याकडे राहायला गेलो. आई म्हणाली होती, 'बहिणीचं घर आहे, खाण्यापिण्याची आबाळ होणार नाही.' आई तेव्हा दाजींकडे दोन वर्षांत जेवली नव्हती.

दाजींचं घराणं तालमीतलं. वडील पैलवान, चुलते पैलवान, आणि स्वतः दाजी तरुणपणी तांबड्या रश्श्याचा टोप एकट्यानं रिकामा करणारे. हा माणूस एका सकाळी नेहमीप्रमाणे दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला गेला. तिथं म्हशी रस्त्यावरच उभ्या असतात आणि गवळी तुमच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून देतो. त्या दिवशी एका म्हशीपुढे रेडकू उभं होतं, ते काही केल्या हलेना. दाजींनी लाडानं त्याच्या पाठीवर थाप मारली तर पेंढा वाजला. रेडकू केव्हाच मेलं होतं. गवळ्यानं त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवलं होतं, आणि म्हैस बिचारी त्यालाच चाटत पान्हा सोडत होती. दाजींनी भरलेला पेला तसाच खाली ठेवला आणि घरी येऊन सांगितलं की आजपासून आपण दूध सोडलं. दही, ताक, तूप ओघानंच गेलं. मटणही त्याच दिवशी गेलं, कारण दाजींचं म्हणणं असं की म्हशीच्या लेकरासाठी दूध सोडायचं आणि बकरीच्या लेकराला कापून खायचं म्हणजे निव्वळ निर्लज्जपणा झाला.

कोल्हापुरात मटण सोडलेला माणूस एक वेळ लोक खपवून घेतात. उपासतापास असेल, नवस असेल म्हणतात. पण मटणही नाही आणि दूधही नाही म्हटल्यावर पेठेनं त्यांना आजारी धरलं. दोघं-तिघं तर चौकशीलाही येऊन गेले. दाजींना तेवढंच हवं होतं. आलेल्या माणसाला ते पाटावर बसवत आणि शेंगदाण्याचं दूध प्यायला देत. शेंगदाणे भिजवून, पाट्यावर वाटून, फडक्यातून पिळून काढलेलं ते पांढरं पाणी पाहुणा नाक मुठीत धरून पिई, आणि दाजी त्याच्या तोंडाकडे बघत विचारत, 'कसं हाय?' पाहुणा म्हणे, 'चांगलं हाय की.' कोल्हापूरचा माणूस तोंडावर बोलायला कुणाच्या बापाला भीत नाही, पण दाजींसमोर भल्याभल्यांची जीभ वळत नसे. त्यांचा चेहराच तसा होता. परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या मुलासारखे ते तुमच्याकडे बघत.

घाबरत नसत त्या फक्त त्यांच्या आई. त्यांना सगळी पेठ आऊ म्हणे. 'म्हशीला तुझी काळजी न्हाय, तुला रं कशापायी म्हशीची?' असं त्या भर अंगणात विचारत. दाजी शांतपणे म्हणत, 'आऊ, ज्याची आई त्याचं दूध. मी तुझं प्यालो की. म्हशीचं रेडकू आलं हुतं का मागायला?' यावर आऊ पदर खोचून बहिणीकडे जात. ही बहीण पलीकडच्या बोळात राहायची आणि दर रविवारी तिच्याकडे मटण शिजायचं. आऊ, आक्का आणि पुढे मीही, आम्ही तिघं रविवारी वेगवेगळी कारणं सांगून तिथं भेटत असू आणि एकमेकांना न ओळखल्यासारखं जेवत असू.

असं सगळं सुरळीत चाललं असताना आक्काला मुलगा झाला. त्याचं नाव बंडा. सहा महिने काही अडचण आली नाही, कारण आईच्या दुधाला दाजींच्या कायद्यात मुभा होती. मग आलं उष्टावण. मामानं भाचराला पहिला घास भरवायचा म्हणून मला नवीन धोतर नेसवून बसवलं. वाटीत खीर होती, तांदळाची, शेंगदाण्याच्या दुधातली. सोन्याच्या अंगठीला खीर लावून ती मी बंडाच्या ओठांवर टेकवली. त्यानं क्षणभर विचार केला आणि ते सगळं माझ्या नव्या धोतरावर परत केलं. दाजी म्हणाले, 'थुकला न्हाय त्यो. चव घेतोय.' त्या दिवसापासून बंडाची नाचणी सुरू झाली. दाजी स्वतः ती भिजवत, मोड आणत, सावलीत वाळवत, दळून आणत आणि तीन-तीनदा वस्त्रगाळ करत. त्या सत्त्वाची लापशी, मुगाचं पाणी, भोपळा आणि ते शेंगदाण्याचं दूध, एवढ्यावर आपलं पोर पैलवान करून दाखवायचं, असं त्यांनी तालमीत जाऊन जाहीर केलं. तालमीतल्या पोरांनी दूध-बदामाच्या थंडाईचे पेले पाठीमागे लपवून ते ऐकून घेतलं.

दर शनिवारी गुळाचे सौदे आटपले की दाजी बंडाला पेढीवर नेत आणि गुळाच्या तराजूत बसवून त्याचं वजन करत. एका पारड्यात बंडा, दुसऱ्यात वजनं, आणि भोवती हमाल, अडते, शेतकरी. पोरगं घरी येई ते बुडाला गूळ चिकटवून, आणि आऊ त्याच्या मांड्यांवरचे मुंगळे वेचत दाजींच्या सात पिढ्यांचा, म्हणजे स्वतःच्याच सासरचा, उद्धार करत. पहिले दोन महिने वजन काही हललं नाही. त्यातच आक्काला विषमज्वर झाला आणि तिचं दूध आटलं. बंडाच्या गालांची कातडी सैल झाली, रडणं बारीक झालं. दाजी रात्र-रात्र त्याला खांद्यावर घेऊन फिरत, पण नाचणीवरचा त्यांचा विश्वास ढळत नव्हता. त्यांना तोंडावर सांगायची छाती आमच्यात कुणाची नव्हती, एरवी भर अंगणात भांडणाऱ्या आऊंचीही.

आणि मग बंडानं बाळसं धरलं. एका शनिवारी अर्धा रत्तल, पुढच्या शनिवारी पाऊण. गालांवर वळ्या, मनगटांवर वळ्या, बसला की पोट आधी बसायचं आणि बंडा मागाहून. दाजी हरखून गेले. मीही मनात हसत होतो, कारण खरी गोष्ट फक्त मला माहीत होती. संध्याकाळी फिरायला म्हणून मी त्याला रंकाळ्याकडे न्यायचो आणि वाटेत एका खानावळीत उकडलेल्या अंड्याचा बलक चमच्यानं भरवायचो. एकदा तर त्याच्या हनुवटीला पिवळं तसंच राहिलं. दाजींनी ते बोटानं पुसलं आणि म्हणाले, 'भोपळा भरवलास व्हय? शाबास मास्तर.' मला थोडी लाज वाटली, पण पोर वाचवल्याचा अभिमान जास्त वाटला.

आता दाजींचं नाव झालं. जो तो विचारू लागला की पोराला काय घालता. दाजी पेढीवर, देवळाच्या पायऱ्यांवर, लग्नाच्या पंगतीत, जिथं दोन बाया लेकरं घेऊन दिसतील तिथं नाचणी सांगू लागले. बहुतेकींनी मान डोलावली आणि घरी जाऊन आपलं होतं तेच चालू ठेवलं. पण पेढीवर झाडलोट करायला येणारी तानू, एका हमालाची बायको, तिनं बंडाला दर शनिवारी तराजूत वाढताना डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला वर्ष-सव्वा वर्षाची मुलगी होती. मुलीला ती शेळीचं दूध घालायची ते तिनं बंद केलं आणि दाजींनी सांगितलेली नाचणी अक्षरशः देवाचं करावं तशी करू लागली.

दोन-अडीच महिन्यांनी एका रविवारी दुपारी ती घरी आली. आम्ही तिघं नुकतेच, तीन वाटांनी, बोळातून जेवून परतलो होतो. बंडा पुढच्या सोप्यात लोळत होता. तानू उंबऱ्याशी बसली आणि कडेवरची पोर तिनं समोर ठेवली. पोरीचं पोट पुढं आलं होतं, हातपाय काटक्यांसारखे, पावलं मात्र सुजलेली. ती रडतसुद्धा नव्हती. तानू म्हणाली, 'दिवाणजी, तुमच्या बाळावानी ही का धरंना? तुम्ही सांगितलासा तसंच करतोय मी. तीनदा गाळतोय. माझंच काय चुकतंया ते जरा बघा की.'

दाजी काळजीनं पुढे वाकले आणि तिला विचारू लागले, मोड किती आणतेस, ऊन तर लागू देत नाहीस ना, फडकं कसलं वापरतेस. ती प्रत्येक गोष्टीचं बिनचूक उत्तर देत होती आणि तरीही चूक आपलीच असणार असं धरून चालली होती. मी मास्तर. खोटं बोलणाऱ्या मुलांच्या हातावर छड्या मारणारा. मी भिंतीकडे बघत उभा राहिलो. तोंड उघडलं ते आऊंनी.

'पोरी, तुझं काय चुकलं न्हाय,' त्या म्हणाल्या. 'ह्या बंडाच्या पोटात नुसती नाचणी न्हाय. दर रविवारी मी पदराआड लपवून आणून ह्याला अळणी पाजतोय.' मसाला घालण्याआधीचं मटणाचं पाणी, ते अळणी. दाजींनी मान वर केली. मग आक्का दाराआडून म्हणाली, 'आणि मी रोज म्हशीचं दूध. दोन वेळा. शेजारच्या घरी बसून.' ती रडायला लागली. राहिलो मी. 'अंडं,' एवढंच म्हणालो. आऊ तशातही माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'तरीच म्हटलं, पोराचं पोट का फुगतंय.' कुणी हसलं नाही. आम्हा तिघांनाही एकमेकांचं तेव्हाच कळलं. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकट्यानंच पोर वाचवलं.

दाजींनी तानूच्या पोरीच्या पावलावर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला. ते त्या खळग्याकडे बघत बसले. मग पोरीला उचलून ते डॉक्टरांकडे निघाले, तानू मागोमाग आणि तिच्या मागं मी. डॉक्टरांनी औषध दिलं, दाजींना चार शब्द सुनावले आणि थोडंथोडं दूध सुरू करायला सांगितलं. तिथून दाजी लोटी घेऊन थेट दूधकट्ट्यावर गेले. त्यांना बघून गवळी मोठ्यानं म्हणाला, 'काय दिवाणजी, वाट चुकलासा काय?' दाजी म्हणाले, 'व्हय, चुकलो. जितं रेडकू असल त्या म्हशीचं दे. आणि आधी त्याला पिऊ दे.' रेडकाचं पोट भरेपर्यंत ते लोटी धरून उभे राहिले. कट्ट्यावर पंधरा-वीस माणसं असतील, पण कुणी थट्टा केली नाही. तानूच्या खोलीत ते दूध तापवून दाजींनी स्वतः चमच्यानं पोरीला पाजलं. पुढं दिवाळीपर्यंत रोज सकाळी हेच चाललं. दिवाळीत पोरगी भिंतीला धरून चालायला लागली.

मधल्या काळात दाजी तालमीत गेले, देवळाच्या पायऱ्यांवर गेले, जिथं जिथं नाचणी सांगितली होती तिथं तिथं जाऊन उभ्यानं सांगून आले, 'मी सांगितलं ते खोटं ठरलं. पोरास्नी दूध द्या.' स्वतः मात्र त्यांनी दुधाला की मटणाला कधी तोंड लावलं नाही. घरात आता आक्का उघड दूध तापवी, आऊ उघड अळणी आणत. आम्हाला हवं होतं ते सगळं मिळालं आणि घरात बोलायला कुणी उरलं नाही. जेवताना दाजी ताटात बघून जेवत. एकदा मी न राहवून म्हणालो, 'दाजी, नाचणीचं काहीतरी सांगा की.' ते म्हणाले, 'नाचणीवर अजून इश्वास हाय माझा. घरावर न्हाय. माझं पोर सुकत हुतं तवा तुम्ही तिघं माझ्या तोंडावर हसत हुता. एकानं म्हणायचं हुतं, दाजी, तुमी चुकताय. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?' आम्ही त्यांना दुखवायला भीत होतो असं मी स्वतःला सांगतो, पण खरं म्हणजे आम्हाला त्यांच्याशी भांडायचा कंटाळा आला होता आणि चोरून खाणं सोपं होतं.

पुढं माझं लग्न झालं, मी वेगळं बिऱ्हाड केलं, मला मुलगी झाली. तिच्या उष्टावणानंतर दोन दिवसांनी दाजी आले. संकोचून त्यांनी पिशवीतून एक पुडी काढली. नाचणीचं सत्त्व. 'ह्यात दूध घाल,' ते म्हणाले. 'आणि पोरगी धरंना तर मला तोंडावर सांग. दाजीला वाईट वाटंल म्हणून गप बसू नकोस.' आठवड्यानं परत येऊन त्यांनी विचारलं, 'कसं काय?' त्यांचा तो चेहरा बघून माझ्या जिभेवर 'चांगलं आहे की' आलंच होतं. मी ते गिळलं आणि म्हणालो, 'दाजी, ती तोंडात धरत नाही. थुंकते. काल उरलेली सगळी लापशी आम्ही गाईला घातली.'

दाजी असे हसले की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. 'गाईनं तरी खाल्ली का?' त्यांनी डोळे पुसत विचारलं. खाल्ली, म्हणालो, आणि ते खरं होतं. त्या दिवशी जेवायला ते थांबले आणि संध्याकाळपर्यंत माझ्या बायकोला शेंगदाण्याच्या दुधाचे फायदे सांगत बसले. तिनं त्यांना दोनदा अडवलं आणि एकदा वेड्यात काढलं. इतक्या खुशीत मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी स्वतः म्हातारा झालो आहे. नातवंडांना काय घालावं, काय घालू नये, हे सगळ्यांना सांगत असतो, आणि सुना मान डोलावून 'हो बाबा, हो बाबा' म्हणतात. तसं त्या म्हणाल्या की मला दाजींची आठवण येते, आणि मी उठून स्वयंपाकघरात खरं काय शिजतंय ते बघून येतो.