बाळंतिणीच्या खोलीवरचा अलार्म

आम्ही दोघंही परभणीकडचे. मुळशीतल्या घोटावड्यात भाड्यानं राहायला येईपर्यंत तिथला पाऊस फक्त ऐकून माहीत होता. नवऱ्याचं ऑफिस हिंजवडीला. इंग्लंडात एक वर्ष काढून आम्ही नुकतेच परतलो होतो आणि मी नोकरी शोधत घरीच होते. ही दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट.

घरमालकांनी रस्त्यालगतच्या जमिनीचा तुकडा एका कारखान्याला विकून नवा बंगला बांधला होता. खाली ते नवरा-बायको, वर आम्ही. जिना घरातूनच होता. जिन्याच्या पायथ्याशी एक मागची खोली होती. तिची एकुलती एक खिडकी गोठ्याकडे उघडायची आणि दाराच्या वर जिन्यात उघडणारा झरोका होता. पूर्वी त्या खोलीत भाताची पोती असायची.

इंग्लंडहून येताना लोक चॉकलेटं आणतात, आम्ही बॅटरीवरचे दोन अलार्म आणले. एक धुराचा आणि एक कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा. तिथल्या आमच्या म्हाताऱ्या घरमालकानं तसले अलार्म घरभर लावले होते. दर महिन्याला तो छत्रीच्या टोकानं एकेकाचं बटण दाबून बघायचा. एकदा मी हसले, तेव्हा तो खुर्चीत बसला आणि त्यानं शेजारच्या घराबद्दल सांगितलं. तिथलं एक जोडपं हिवाळ्यात रात्री झोपलं ते उठलंच नाही. पाणी तापवायचं यंत्र बिघडून तो वायू घरात भरला होता. घरात धूर नाही, वास नाही, काही नाही. "दोघांचे गाल अगदी गुलाबी होते," तो म्हणाला. "मला वाटलं, किती शांत झोपलेत." त्यानंतर मी हसले नाही.

घोटावड्यात धुराच्या अलार्मनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना जेरीस आणलं. मी मिरचीची फोडणी दिली आणि तो असा काही बोंबलला की खालून काकू, म्हणजे घरमालकीण, पदर खोचून धावत वर आल्या.

"आग लागली का काय गं?"

"नाही काकू, फोडणी दिली."

"फोडनीला वराडतंय व्हय हे? मंग चुलीपुढं ठिवलं तर जीवच द्यायचं."

तो मग आम्ही हॉलमध्ये हलवला. दुसरा अलार्म नवऱ्यानं जिन्याच्या वरच्या टोकाला, आमच्या दाराजवळ लावला. कारण बाथरूम तिथंच होतं आणि त्यात गॅसचा गीझर होता. हा दुसरा अलार्म कधीच वाजला नाही. त्याचा छोटा हिरवा दिवा मधूनमधून लुकलुकायचा, तेवढाच. येता-जाता माझं लक्ष तिकडे जायचं. धुराच्या अलार्मचा राग यायचा, याची मात्र भीती वाटायची. हा कशाची वाट बघतोय, असं काहीतरी मनात यायचं.

आषाढात काकूंची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगा झाला. पाव्हण्यारावळ्यांनी घर गजबजलं. जिन्यापाशीची ती खोली बाळंतिणीला दिली, कारण तिथं वारं लागायचं नाही. पाऊस महिनाभर उघडला नव्हता. लंगोट, दुपटी वाळता वाळत नव्हती. काकूंनी बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली. वर शेक बाळंतिणीला आणि बाळाला, बाजूला दोरीवर लंगोट. ओवा, शेपा, वावडिंगाची धुरी सकाळ-संध्याकाळ. खिडकी लावून फटीत चिंध्या कोंबलेल्या. दाराखाली गोधडी.

मी एकदा बाळाला बघायला गेले तेव्हा खोलीत शिरताच कपाळावर घाम आला. मी म्हटलं, "काकू, खिडकी थोडी उघडी ठेवली तर? कोळशाच्या हवेनं त्रास होतो म्हणतात."

"वल्ली बाळंतीन हाय. वारं शिरलं म्हंजे जन्माचं दुखनं. आमी काय पोरं काढली न्हाईत का?"

मला मूल नव्हतं. लेक हसून म्हणाली, "वहिनी, मला पन लई उकडतंय, पन आईपुढं कुनाचं चालत न्हाई."

मग तिचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठली की दुखायचं. अंघोळीला बाहेर न्हाणीत आली की जरा हलकं व्हायचं, परत खोलीत गेली की दुखायचं. एक-दोनदा उलटी झाली. काकूंनी दृष्ट काढली. मीठ-मिरच्या त्याच शेगडीत टाकल्या. ठसका लागेल एवढा खाट उठला, तेव्हा त्या म्हणाल्या, "बघ, किती लागली व्हती." माझ्या हॉलमधला अलार्म त्या खाटानं वर वाजला. जिन्याच्या टोकाचा हिरवा दिवा मात्र लुकलुकत राहिला.

बाळाचं सगळे कौतुक करायचे. "लई गुनाचं पोर. रडतच न्हाई." भेटायला येणारी प्रत्येक बाई हे ऐकून मान डोलवायची. मला ते ऐकताना कसंतरी व्हायचं. पहिल्या आठवड्यात त्याचं रडणं मी वर बसून ऐकलं होतं, चांगलं खणखणीत. आता दिवस दिवस ऐकू येत नव्हतं. मी नवऱ्याला तसं बोलून दाखवलं. तो म्हणाला, "रविवारी मी काकांशी बोलतो." काका म्हणजे घरमालक. ते ऐकून घेतील असं आम्हाला वाटत होतं.

रविवार उजाडायच्या आधीच ते घडलं.

दुपारची वेळ होती. ओढ्याला पाणी चढून खालच्या भातखाचराचा बांध फुटला, म्हणून काका-काकू दोघंही तिकडे धावले होते. वीज गेलेली. पाऊस असा की समोरचा कारखानाही दिसत नव्हता. मी डाळ निवडत बसले होते आणि तो वाजला. मला आधी धुराचाच वाटला, पण आवाज वेगळा होता. चार वेळा किंचाळायचा, थांबायचा, परत चार वेळा. दार उघडून पाहिलं तर हिरव्याच्या जागी लाल दिवा.

मी आधी गीझर बघितला. बंद. ओट्यावरचा गॅस बंद. सिलिंडरचा कॉकही फिरवला. सगळ्या खिडक्या उघडल्या, पाऊस आत आला, अलार्म थांबला. मी हुश्श केलं आणि खिडक्या ओढून घेतल्या. थोड्याच वेळात तो परत सुरू झाला. तेव्हा मी बाहेर जिन्यात येऊन उभी राहिले. खालच्या खोलीच्या झरोक्यातून उबदार हवा वर येत होती. तिला ओव्या-शेपाचा गोडसर वास होता, बाळंतिणीच्या खोलीला असतो तसा. धुराचं नावही नव्हतं.

मी वरूनच हाका मारल्या. उत्तर नाही. जिना कसा उतरले ते आठवत नाही. दार ढकललं तर गोधडीमुळे अडलं. खांदा लावून रेटलं.

आत काही विशेष दिसत नव्हतं, हेच भयंकर होतं. अंधूक उजेड, दोरीवर लंगोट, बाजेखाली आज काठोकाठ भरलेली शेगडी, लाल निखारे. ती कुशीवर झोपली होती. बाळ तिच्या पोटाशी.

"ताई, उठा! बाहेर चला."

तिनं डोळे अर्धे उघडले. "झोपू द्या वहिनी," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "लई छान झोप आलीय."

मी बाळाला उचललं. त्याची मान माझ्या हातावरून खाली लोंबली. त्याला घेऊन बाहेरच्या पडवीत पळाले, पोत्यांच्या थप्पीवर ठेवलं, तळपायांवर टिचक्या मारल्या. ते रडलं नाही. छातीवर तळवा ठेवला तर छाती हलत होती, अगदी थोडी. त्याला तिथंच गुंडाळून ठेवून परत आत जायचं, हे फार अवघड गेलं. आत जाऊन खिडकी उघडायला गेले तर लाकूड फुगलं होतं. नाद सोडला. ताईच्या काखेत हात घालून तिला बाजेवरून खाली घेतलं आणि फरशीवरून ओढत दारापर्यंत, मग पडवीपर्यंत आणलं. एवढ्यात माझंही डोकं ठणकायला लागलं होतं. शेवटी शेगडी फडक्यानं धरून मागच्या दारानं पावसात नेऊन उलटी केली. ती फुस्सकन विझली.

काकू परत आल्या तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि डोक्यावर पोत्याची खोळ. त्यांना दिसलं ते एवढंच, की पावसाचे शिंतोडे येणाऱ्या पडवीत त्यांची बाळंतीण लेक जमिनीवर पडलीय आणि बाळ माझ्या मांडीवर आहे.

"काय केलंस गं? वाऱ्यात काढलीस तिला? मारायचं हाय का पोरीला?"

"काकू, शेगडीचा गॅस भरला होता आत. ती शुद्धीत नाही. बघा तरी."

"कसला गॅस? तुमचा गॅस तुमच्या घरात!" त्यांनी बाळाला माझ्याकडून हिसकावून घेतलं. त्याची मान परत तशीच लोंबली.

काका मागून आले. त्यांनी लेकीला एकदा हाक मारली, गालावर थोपटलं आणि जीप काढली.

पिरंगुटच्या दवाखान्याकडे जाताना हवा लागावी म्हणून मी जीपची बाजूची कापडं वर गुंडाळायला लावली. पाऊस आत येत होता. काकू बाळावर वाकून बसल्या होत्या. ताईचं डोकं माझ्या मांडीवर, ती मधेच ओकली. अर्ध्या वाटेवर कुठंतरी बाळानं बारीक आवाज केला, मांजराच्या पिल्लासारखा. मग परत केला. काकांनी मागं वळून पाहिलं आणि गाडी आणखी जोरात घेतली.

दवाखान्यात डॉक्टरांनी दोघांना ऑक्सिजन लावला. मग विचारलं, "खोलीत कोळसा पेटवला होता का?"

"न्हाई," काकू म्हणाल्या.

इतकं सरळ म्हणाल्या की क्षणभर मलाच शंका आली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"होता," मी म्हटलं. "बाजेखाली शेगडी होती. बरेच दिवस. दार-खिडकी बंद."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून पेलवत नाही. डॉक्टरांनी मग वेळ घालवला नाही. अँब्युलन्स बोलावून दोघांना पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

दोघंही वाचली. बाळ लवकर सावरलं. ताईला मात्र वेळ लागला. घरी आल्यावर ती बोलता बोलता थांबायची, मला काय म्हणायचं होतं म्हणून बघत राहायची. दूध तापत ठेवून विसरायची. पुढे पुष्कळ सुधारली, सासरी गेली. ती पूर्वीसारखी झाली का, हे मला सांगता येणार नाही.

गावात काकू सांगायच्या की लेकीला वारं लागलं. काही बायकांचं मत होतं की वरच्यांच्या त्या यंत्रानंच काहीतरी केलं. ते वाजलं आणि पोरगी पडली. माझ्याशी काकूंनी बोलणं टाकलं. जिन्यात समोर आल्या तर भिंतीकडे सरकायच्या. नवरा म्हणाला, दुसरी जागा बघू या. भूगावला नव्या इमारती उठत होत्या, आम्ही फ्लॅट बघायला सुरुवातही केली.

भात कापणीला आला तेव्हा एका सकाळी त्या वर आल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर, त्या अलार्मखाली उभ्या राहिल्या.

"हे बिनधुराचं बी कळतं का याला?"

"हो. धूर दिसत नाही तेव्हाच हे लागतं."

त्या पायरीवर टेकल्या. मीही जवळ बसले.

"माजं पयलं पोर गेलं," त्या म्हणाल्या. "जुन्या घरात. असाच पाऊस व्हता. मी झोपले व्हते, उठले तर ते गार. मला बी उठवना. म्हनले, आयुष्य न्हवतं त्याचं."

मी विचारलं, "शेगडी होती?"

"सासूबाईंनी ठिवली व्हती. लई जीव लावायच्या मला." त्यांनी मान वर करून अलार्मकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तवा हे असतं, तर वाजलं असतं?"

मला खोटं बोलता आलं असतं.

"वाजलं असतं, काकू."

त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत. गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि जिना उतरून गेल्या. मी खाली भांड्यांचा आवाज येईपर्यंत तिथंच बसून राहिले.

आम्ही भूगावला गेलो त्याच्या आधी, थंडीत, शेजारच्या घरी सून बाळंत झाली. काकूंनी मला बरोबर नेलं. का, ते सांगितलं नाही. खोलीत गोधड्या टांगलेल्या, बाजेखाली निखारे. काकू उंबऱ्यावरच थांबल्या.

"ती शेगडी भाइर काढ आधी," काकू तिथल्या म्हाताऱ्या सासूला म्हणाल्या.

"अगं, थंडी किती हाय! पोराला बाधंल."

"भाइर काढ. न्हाईतर मी हितनं हालनार न्हाई."

सासू पुटपुटली, सुनेनं आमच्याकडे पाहिलं. शेवटी तिच्या दिरानं शेगडी उचलून अंगणात नेली. काकूंनी कारण दिलं नाही. आत येऊन बाळाच्या हातावर साखर ठेवायची रीत होती, तीही त्यांनी केली नाही. दार मिटू नये म्हणून त्याला पाठ लावून उंबऱ्यातच बसल्या. गार वारं आत येत होतं. सासू तिकडे बडबडत होती. काकू बाळाकडे बघत होत्या, ते हातपाय झाडून रडत होतं आणि त्याला कुणी गप्प करायला लागलं की त्या म्हणायच्या, "रडू दे त्याला."