मंगळवारचा पेशंट

आमच्या क्लिनिकमध्ये डॉक्टर तिघं होते आणि पेशंट मात्र एकाचेच होते. तो एक म्हणजे मी नव्हे.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची. डोंबिवली पूर्वेला, एका फरसाणवाल्याच्या दुकानावर, आमचं हृदयरोगाचं क्लिनिक होतं. मुंबईच्या मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या आमच्या सरांनी ते काढलं, कारण छातीत कळ आली की इथल्या माणसाला थेट मुंबई गाठावी लागे आणि गाठेपर्यंत बरेचदा उशीर झालेला असे. सर ठाण्याला राहत, आठवड्यातून दोनदा येत. बाकीचे दिवस आम्ही दोघं सांभाळायचो, मी आणि माझ्यानंतर दोन वर्षांनी एम.डी. झालेले माझे सहकारी. एम.डी.ला मी विद्यापीठात पहिली आले होते. हे मुद्दाम सांगतेय, कारण क्लिनिकमध्ये ते कोणी कधी विचारलंच नाही.

लोक म्हणायचे, माझ्या या सहकाऱ्यांच्या हाताला गुण आहे. हा गुण कुठल्या पुस्तकात नाही, कुठल्या परीक्षेत त्याला मार्क नाहीत, त्यामुळे तो अभ्यास करून मिळवायची सोयच नव्हती. बाहेरच्या बाकांवर माणसं त्यांच्यासाठी ताटकळत बसायची आणि मी माझ्या खोलीत पंख्याकडे बघत बसायचे. नंबर लावणाऱ्या मावशी एखाद्याला समजावायच्या, मॅडम रिकाम्या आहेत, तिकडे जा ना. तो ‘रिकाम्या’ शब्द मला दाराआडून स्पष्ट ऐकू यायचा. माझे कान फार तिखट आहेत, हीच तर माझी खरी पुंजी होती.

एकदा खाडीकाठच्या गावातली एक कोळीण आली. तिच्या हृदयाची एक झडप आखडली होती. त्याचा अगदी बारीक आवाज येत होता, तो मी पकडला आणि तिला मुंबईला पाठवलं. ऑपरेशन होऊन ती ठणठणीत परत आली ती पापलेटांची पिशवी घेऊन, आणि सरळ त्यांच्या खोलीत गेली. मी माझ्या दारात उभी होते. माझ्याकडे बघून तिनं अगदी मायेनं सांगितलं, "बाय, तू शानी हास, पन गुन त्या डागतरच्या हाताला हाय."

ते शाकाहारी. त्यामुळे पापलेटं शेवटी माझ्याच घरी आली. मी ती तळली आणि रागारागानं खाल्ली.

बरं, माणूस वाईट असता तर मला किती सोपं गेलं असतं. पण ते तसेही नव्हते. हळू बोलायचे, मुलाच्या नोकरीची, सुनेच्या बाळंतपणाची चौकशी करायचे, आणि स्टेथोस्कोपची चकती आधी तळहातावर घासून गरम केल्याशिवाय कोणाच्या छातीला लावायचे नाहीत. मी ते चोरून पाहिलं होतं. मग मीही तसं करायला लागले. दुसऱ्याच दिवशी एका आजोबांनी विचारलं, बाई, ते बिघडलंय का. त्यानंतर मी तो नाद सोडला. पण त्यांना पाण्यात पाहणं काही सोडलं नाही. त्यांच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला तरी माझ्या पोटात दुखायला लागायचं.

सरांनी कल्याणला शाखा काढायची ठरवली तेव्हा दर मंगळवारी तिथं कोण जाणार, हा प्रश्नच नव्हता. गुणवाला हात डोंबिवलीतून कसा हलवणार? मी दर मंगळवारी कल्याणला जाऊ लागले, अंधार पडल्यावर परत येऊ लागले. तिथं बसायचे, दोन-चार पेशंट बघायचे आणि डोंबिवलीत त्यांच्याकडे आज किती गर्दी असेल याचा हिशोब करत राहायचे.

बाबा टिळकनगरात एकटे राहत. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. क्लिनिकमधून घरी जाताना मी रोज त्यांच्याकडे डोकावायची. अंबरनाथच्या एका कारखान्यात मापं तपासण्याच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. मी मेडिकलला गेले तेव्हा पहिला स्टेथोस्कोप त्यांनीच घेऊन दिला, आणि तो लावायला पहिली छातीही त्यांचीच. दर रविवारी ते खाटेवर उताणे पडायचे, वर्तमानपत्र तोंडावर धरायचे, आणि मी त्यांच्या बरगड्यांमध्ये चकती सरकवत तास न् तास ऐकत बसायची. पान उलटलं तर मी ओरडायची. निरोगी हृदय कसं वाजतं ते मी वर्गात नाही शिकले, त्या खाटेवर शिकले. पुढे कोणाचंही हृदय ऐकताना मी ते मनातल्या मनात बाबांच्या हृदयाशी लावून बघायची. हे मी त्यांना एकदा सांगितलंही होतं. ते खूश झाले होते.

त्या दिवशी मंगळवारच होता. कल्याणला एकही पेशंट आला नाही, म्हणून दुपारीच कुलूप लावलं, रिक्षा केली आणि पत्री पुलावरून डोंबिवलीला आले. बाबांना वाटलं नव्हतं मी इतक्या लवकर येईन. दिवे गेले होते. उकाडा मी म्हणत होता, आणि बाबा सदरा काढून गॅलरीत खुर्चीवर वारा घेत बसले होते. मी मागून गेले आणि पुढे येऊन बघते तर त्यांच्या छातीवर डाव्या बाजूला लाल गोल उमटलेले. सहा. ओळीनं, बगलेकडे वळत गेलेले.

तेव्हा इसीजी काढताना छातीवर रबरी फुग्यांच्या वाट्या चिकटवत. फुगा दाबून सोडला की वाटी कातडीला ओढून धरी, आणि काढल्यावर रुपयाएवढा लाल वळ राही. म्हाताऱ्या, गोऱ्या माणसाच्या अंगावर तो तासन् तास जात नसे. म्हणजे आज, थोड्याच वेळापूर्वी, कोणीतरी माझ्या बाबांचा इसीजी काढला होता. आणि तो कोणी काढला हेही मला कळलं, कारण चौथी वाटी जराशी खाली लावायची खोड आमच्या क्लिनिकमध्ये एकाच माणसाला होती.

बाबांनी घाईघाईनं सदरा घातला. मी चहा टाकला. आता एकेक गोष्ट जुळायला लागली. बाबा हल्ली मला सुपारी देत नव्हते, डबी खिशातच ठेवत होते. तिच्यात सुपारी नसून जिभेखाली धरायच्या गोळ्या असणार. जिने चढून आले की आधी खिडकीशी उभे राहून बाहेर बघत, दम लागलाय हे दिसू नये म्हणून. डोंबिवलीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचा दम मला कळत होता, हा एक सोडून.

खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला बाबांची काळजी नंतर वाटली. आधी वाटला तो जळफळाट. गावानं त्यांच्याकडे जावं, कोळणीनं जावं, ठीक आहे. पण ज्या छातीवर मी शिकले ती छातीसुद्धा मी कल्याणला गेलेली बघून, चोरून, त्यांच्यापुढे उघडी व्हावी? एखाद्या बाईला नवऱ्याच्या सदऱ्यावर दुसरीचं कुंकू दिसावं तशी माझी गत झाली होती. आणि मावशींना माहीत असणार. सगळ्यांनाच माहीत असणार.

सकाळी क्लिनिक उघडायच्या आधी मी त्यांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, बाबांचा इसीजी दाखवा. त्यांनी मला बसायला सांगितलं. मी बसले नाही.

"मॅडम, ते माझे पेशंट आहेत," ते म्हणाले.

"ते माझे बाबा आहेत."

"म्हणूनच. तुम्हाला सांगायचं नाही असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय. मुंबईला न्यायची वेळ आली तर मी तुम्हाला सांगेन, पण त्यांना विचारून."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या खोलीत कळलं. सगळ्यात जास्त राग याचा आला, की त्यांच्या जागी मी असते तर मीही अगदी हेच बोलले असते. आपला पेशंट कोणाचाही बाप असो, त्याचं गुपित ते त्याचंच. शिवाय ते उत्तम डॉक्टर होते. बाबांच्या बाबतीत त्यांचं काही चुकत असेल अशी शंकासुद्धा मला घेता येईना. तेवढाही आधार त्यांनी मला ठेवला नव्हता.

संध्याकाळी मी बाबांना सरळच विचारलं. इतकी वर्षं मला शिकवलंत, डोंबिवलीभर मुलगी डॉक्टर म्हणून सांगत फिरलात, मग स्वतःच्या वेळी मी का नको? त्यांच्या हाताला गुण आहे म्हणून? मी बाई आहे म्हणून?

बाबा खिशातल्या डबीशी चाळा करू लागले. मग म्हणाले, "अगं, चांगलं हृदय म्हणजे काय ते तू माझ्या छातीवर शिकलीस. अजून त्याच्याशीच ताडून बघतेस, तूच सांगितलंस. आमच्या खात्यात एक मूळ माप असायचं, कापसात गुंडाळून कपाटात ठेवलेलं. बाकीची मापं त्याच्याशी लावून बघायची. ते रोजच्या कामाला काढत नसत."

"आणि ते मूळ मापच बिघडलं तर? आधी कळवायचं असतं ना?"

"कारखान्यात, हो," बाबा म्हणाले. "त्या मुलानं माझं चांगलं हृदय ऐकलेलंच नाही. त्याचं काय जातंय? तू नको ऐकूस."

मला वाद घालायचा होता. कानाला लावायला स्टेथोस्कोप पिशवीत तयार होता. पण बाबांनी आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि आता मागितलं ते हे. मी पिशवी उघडली नाही.

त्यानंतर मंगळवार माझ्यासाठी बदलला. दुपार झाली की मला कल्याणला बसल्या बसल्या दिसायचं, बाबा फरसाणवाल्याशेजारचा जिना चढताहेत, मावशी त्यांना नंबराशिवाय आत सोडताहेत, ते कॉटवर पडलेत आणि तो हात त्यांच्या छातीवर आहे. मला कोणी तिथं हाकललं नव्हतं, आणि तरी मी हाकलल्यासारखी बसलेली असायची. परत यायला मी मुद्दाम उशीर करायची, वळ गेल्यावरच पोचावं म्हणून. पोचल्यावर बाबा सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा लावून बसलेले असायचे. आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारायचो.

नव्वदच्या सुरुवातीला सरांनी कल्याणची शाखा बंद करायचं ठरवलं. पेशंट नव्हतेच. दर मंगळवारी कुरकुर करत जाणारी मी, पण मीच विरोध केला, आणि जोरात केला. सर चकित झाले. मी म्हटलं, शाखा बंद करा, पण मंगळवारी मी विठ्ठलवाडीला, टिटवाळ्याला घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेले पेशंट बघेन. सरांना ती समाजसेवा वाटली. माझे सहकारी समोरच बसले होते. मंगळवारी मी डोंबिवलीत का नको, ते त्यांना कळलं, पण ते टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले. मी त्याबद्दलही त्यांचे आभार मानले नाहीत.

अशी आणखी काही वर्षं गेली. बाबांना मुंबईला न्यायची वेळ आली नाही, किंवा आली असेल आणि बाबांनी नाही म्हटलं असेल. मला ते कधीच कळलं नाही.

एका सकाळी बाबांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. बाबा चहाला उठले नव्हते. मी धावत पोचले तर माझे सहकारी माझ्या आधी तिथं हजर होते. शेजाऱ्यांकडे बाबांनी दोन नंबर देऊन ठेवले होते आणि पहिला त्यांचा होता. त्याही क्षणी मला ते झोंबलं.

बाबा त्याच खाटेवर उताणे होते. हात पांढरे पडले होते, ते मी दारातूनच पाहिलं. काही करण्यासारखं उरलं नव्हतं, हे त्यांनाही दिसत होतं. त्यांनी बाबांच्या सदऱ्याची बटणं सोडली, स्टेथोस्कोपची चकती तळहातावर घासून गरम केली, आणि मगच ती छातीला लावली. बराच वेळ ते वाकून ऐकत राहिले. मग कानातून काढून त्यांनी तो स्टेथोस्कोप माझ्यापुढे धरला.

एवढी वर्षं ज्यासाठी मी जळत होते ते माझ्यासमोर होतं. मी नको म्हणून मान हलवली. रविवारचा तो आवाज माझ्या कानात धडधाकट होता आणि मला तो तसाच हवा होता. त्यांनी बाबांची बटणं पुन्हा लावली, वरचंसुद्धा.

पुढे क्लिनिकमध्ये माझ्याकडेही गर्दी होऊ लागली. पिशवीभर मासे मलाही मिळाले. पण गेलेल्या माणसाच्या छातीला लावतानाही चकती गरम करावी, हे मला सुचलं नसतं. त्यांचा हेवा मला आजही वाटतो, तो त्याचाच.