दोन घड्याळांचा माणूस

आमच्या घरात घड्याळ नव्हतं. आईवडील अमडापुरात दुसऱ्यांच्या मळ्यात भाजी खुडायचे, आणि वडील कडुनिंबाची सावली पाहून वेळ सांगायचे. त्या घरातून मी बी.कॉम. झालो आणि मुंबईला एका शेअर दलालाकडे मुलाखतीला निघालो.

देऊळगाव राजाला जालन्याच्या एस.टी.त एक धोतरवाले गृहस्थ शेजारी बसले. दोन्ही मनगटांवर घड्याळं! धोतराच्या सोग्यानं ते आळीपाळीनं काचा पुसायचे.

"काका, डावं घड्याळ साडेपाच तास मागं पडलं तुमचं."

"मागं नाही पडलं बे, ते लंडनचं हाय!" ते खदखदून हसले. मुंबईच्या एका पेढीवर परदेशी गिऱ्हाइकांच्या तारा घेण्यात त्यांचा जन्म गेला होता. "आपला शेअरबाजार दोनले उठते. तवा तिकडं सकाळचे साडेआठ. सायब चहा पिऊन तार करते, पण सौदा होते दुसऱ्या दिवशी!"

मी वडिलांच्या सावलीचं सांगितलं, तसे ते उसळलेच. "मंग तुले सारं येते! तुह्या बापाची सावली तिकडं साडेपाच तासानं पोचते, येवढंच!"

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "लंडनच्या गिऱ्हाइकानं तिथल्या सकाळी दहाला तार केली. सौदा कधी होईल?"

कडुनिंब डोळ्यांपुढे आला. "उद्या, साहेब. आपला बाजार उठून दीड तास झालेला असतो."

काकांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. नोकरी मलाच मिळाली, आणि पहिल्या पगारात वडिलांसाठी भिंतीवरचं घड्याळ घेतलं.